वरचं बाथरूम कोरडं, तरी खालचं छत गळतं

पत्र: आमची इमारत चार मजली, ४५ वर्षं जुनी. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. बेडरूमच्या छताला, वरच्यांचं बाथरूम येतं त्या बाजूला, दोन वर्षांपासून ओल आहे. दोनदा पोपडे खरवडून वॉटरप्रूफ पुट्टी आणि रंग लावला, दोन्ही वेळा सात-आठ महिन्यांत डाग परत आला. आता तो पंख्याच्या हुकापर्यंत पोचलाय आणि सकाळी थेंब पडतात. वरच्या काकू म्हणतात, आमचं बाथरूम तासाभरात कोरडं होतं, टाइल्सचे सांधेही नुकतेच भरून घेतलेत. प्लंबर म्हणतो, वरची सगळी फरशी फोडा. दुसरा ठेकेदार म्हणतो, खालून इंजेक्शन मारतो, वर हात लावायलाच नको. कमिटी म्हणते, तुमचं तुम्ही बघा. कोणाचं ऐकावं?

उत्तर: आधी पंखा बंद करा, आणि तोही नुसत्या बटणावरून नको. त्या सर्किटचा एमसीबी (वीज-बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पाडा आणि गळती थांबेपर्यंत वर करू नका. जुन्या स्लॅबमध्ये वायरिंगचे पाइप काँक्रीट ओततानाच आत पुरलेले असतात. स्लॅबमध्ये मुरणाऱ्या पाण्याला असा पोकळ पाइप सापडला की ते त्यातून वाट काढत पंख्याच्या नाहीतर दिव्याच्या पॉइंटवर उतरतं. तेव्हा डाग हुकापर्यंत पोचला म्हणून गळती वाढलीच असेल असं समजू नका. इलेक्ट्रिशियनला बोलावून पंखा उतरवून घ्या. वरच्या कपात साचलेलं पाणी निघेल आणि हुकही बघून होईल. तो गंजून बारीक झाला असेल, तर ओल वाळल्यावरसुद्धा त्याच हुकाला पंखा टांगायचा नाही.

रंगाखाली पाण्याचा फुगा धरला असेल तर खाली बादली ठेवा आणि फुग्याच्या सगळ्यात खालच्या जागी स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडा. एक चौरस मीटरच्या फुग्यात नुसतं १० मिलिमीटर पाणी असलं तरी ते १० किलो भरतं, आणि ते पुट्टीसकट एकदम खाली येतं.

आजच करायचं तिसरं काम म्हणजे छत ठोकून बघणं. डोळ्यांवर चष्मा चढवा, स्टुलावर चढून हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच ठोकत जा. शाबूत जागी आवाज भरीव येतो, सुटलेल्या जागी पोकळ, बद्द. पोकळ भाग पेन्सिलीने घेरून ठेवा आणि त्याखालून पलंग हलवा. ओळीत गेलेल्या सरळ चिरा दिसत असतील, त्यांतून तपकिरी ओघळ आले असतील किंवा सळ्या उघड्या पडल्या असतील, तर पुढची कुठलीही चाचणी करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. ठेकेदाराला नाही, इंजिनिअरला. कारण असं: ताज्या काँक्रीटचा पीएच १२-१३ असतो आणि तेवढ्या अल्कधर्मी वातावरणात सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत गेला की पीएच ९ च्या आसपास घसरतो आणि ते संरक्षण संपतं. जुन्या स्लॅबमध्ये सळईखालचं काँक्रीट जेमतेम १५-२० मिलिमीटर असतं, त्यामुळे ४५ वर्षांत हे झालेलं असण्याची शक्यता बरीच. मग गंजायला फक्त पाणी हवं असतं. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा घेतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो.

तुमची पुट्टी दोनदा का हरली तेही यातच आलं. पाणी वरून येतंय आणि तुम्ही खालून झाकण लावलंत. आत अडलेलं पाणी बाजूला पसरलं, सळ्यांशी जास्त दिवस राहिलं आणि सात-आठ महिन्यांनी दुसरीकडून बाहेर पडलं. वॉटरप्रूफ रंग पाण्याच्या बाजूला लावायचा असतो. उलट्या बाजूने लावलेला रंग मागच्या दाबाने आणि क्षारांनी सुटतोच, मग तो कितीही महागाचा असो.

आता काकूंचं म्हणणं. त्या खोटं बोलत नसाव्यात. पुष्कळ जुन्या इमारतींत बाथरूमखालचा स्लॅब ३०-४५ सेंटिमीटर खोल घेतलेला असतो. त्या खड्ड्यात पाइप टाकून वर विटांच्या रोड्याचा भराव, त्यावर कोबा आणि वर फरशी. पाणी या भरावात साचत राहतं आणि वरची फरशी तासाभरात खडखडीत वाळते. गळती किती लहान असू शकते त्याचा हिशेब बघा: मिनिटाला ३० थेंब म्हणजे दिवसाचे ४३,२०० थेंब. साधारण २० थेंबांचा एक मिलिलीटर धरला तर दिवसाला दोन लिटरांहून थोडं जास्त. एवढं पाणी काकूंना वर कुठेच जाणवणार नाही, तुमच्याकडे मात्र दोन तांबे भरतील.

फरशी फोडायची की इंजेक्शन मारायचं, हे ठरवायची वेळ अजून आलेली नाही. पाणी कुठून येतंय हे त्या दोघांपैकी कोणालाच माहीत नाही. उगम चार ठिकाणी असू शकतो: दाबाखालची पाण्याची लाइन, सांडपाण्याचा पाइप आणि ट्रॅप (जाळीखालचं, पाणी धरून ठेवणारं वाकडं भांडं), फरशी, किंवा भिंत. चौघांची दुरुस्ती वेगळी, खर्चही वेगळा. एका वेळी एकच तपासायचं आणि सोप्याकडून अवघडाकडे जायचं. सगळ्या चाचण्या एका दुपारी उरकल्या तर छत गळेल खरं, पण कशामुळे ते कळणार नाही. हीच चूक सगळ्यात जास्त होते.

पहिले दोन-तीन दिवस काहीच करू नका, फक्त नोंद ठेवा. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तिच्यावर तारीख घाला. थेंबाखाली मापाचं भांडं ठेवा. सकाळी उठल्यावर, दुपारी आणि झोपताना, मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजा. काकूंना आंघोळीची, कपड्यांची आणि गिझरची वेळ लिहून ठेवायला सांगा. बाहेर पाऊस पडला तर तोही लिहा. पाऊस थांबल्यावर दोन दिवस छत गळत असेल आणि एरवी नाही, तर बाथरूम सोडून बाहेरच्या भिंतीच्या चिरा, खिडकीवरचा छज्जा आणि डक्टमधला (इमारतीचे उभे पाइप जातात त्या मोकळ्या जागेतला) पावसाचा पाइप बघा.

सकाळी थेंब, हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात उपयोगी वाक्य आहे. दाबाची लाइन फुटली असेल तर ती रात्रंदिवस सारखीच गळते. वापराशी तिला देणंघेणं नसतं. सकाळीच थेंब पडत असतील तर संशय आंघोळीच्या पाण्यावर, म्हणजे ट्रॅपवर, फरशीवर किंवा भिंतीवर जातो. याला दोन अपवाद आहेत. इमारतीत पाणी ठरावीक वेळीच सोडत असतील तर लाइनमध्ये दाबही तेवढाच वेळ असतो आणि फुटलेला पाइपसुद्धा सकाळीच गळतो. दुसरा अपवाद गिझरपासून नळापर्यंतच्या गरम पाण्याच्या लाइनचा. ती तापली की ताणते आणि थंड असताना बंद असलेली बारीक चीर उघडते.

पाण्याची लाइन तपासायला काहीच फोडावं लागत नाही. काकूंनी दोन रात्री, रात्रीच्या जेवणानंतर सकाळपर्यंत, ते बाथरूम अजिबात वापरू नये. पहिल्या रात्री बाथरूमचा मुख्य कॉक चालू ठेवा, दुसऱ्या रात्री बंद. दोन्ही रात्री थेंब मोजा. पहिल्या रात्री वापर नसतानाही थेंब तेवढेच राहिले आणि दुसऱ्या रात्री स्पष्ट कमी झाले, तर लाइन गळतेय. दोन्ही रात्री सारखेच हळूहळू ओसरत गेले, तर लाइन सुटली. तो भरावातला जुना साठा निथळतोय. जुना कॉक पूर्ण बंद होतो की नाही ते आधी नळ उघडून बघा, नाहीतर दुसरी रात्र फुकट जाईल. प्लंबर हातपंपाने प्रेशर टेस्ट करू म्हणाला तर हरकत नाही, पण जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपवर दाब बेताचाच ठेवायला सांगा. नव्या पाइपला लावतात तो दीडपट दाब गंजलेल्या आट्यांना सोसत नाही आणि नसलेली गळती तयार होते.

त्यानंतर सांडपाण्याची पाळी. इथे फरशीवर थेंबही पडता कामा नये. नहाणी ट्रॅपची जाळी काढा, पाइपचा तुकडा किंवा मोठं नरसाळं थेट आत घाला आणि ४० लिटर, म्हणजे दोन मोठ्या बादल्या, सावकाश ओता. सहा तास खाली नजर ठेवा. पुढच्या खेपेला बेसिन बूच लावून काठोकाठ भरा आणि एकदम सोडा, तीनदा करा. त्यानंतरच्या खेपेला कमोड पाच-सहा वेळा फ्लश करा. कमोडचा सांधा गळत असेल तर खालचा डाग पिवळट असतो आणि वासही येतो, पण वास नाही म्हणून कमोडला मोकळं सोडू नका.

रंगाच्या चाचणीबद्दल थोडं, कारण हल्ली सगळेच ती सुचवतात. फ्लशच्या टाकीत रंग टाकून तो कमोडमध्ये उतरतो का बघणं, ही टाकीच्या वॉशरची चाचणी. तुमच्या छताशी तिचा काही संबंध नाही. छतासाठी रंग ट्रॅपमध्ये किंवा फरशीवर टाकावा लागतो. साधा खाण्याचा रंग रोड्यातून आणि काँक्रीटमधून येताना बराचसा शोषला जातो. म्हणून खाली रंग आला तर तो पुरावा, नाही आला तर काहीच सिद्ध होत नाही. हिरवट चमकणारं फ्लुरेसीन वापरलं आणि खाली अतिनील टॉर्चने पाहिलं तर निकाल जास्त भरवशाचा. एकाच दिवशी तीन ठिकाणी तीन रंग टाकू नका. भरावात सगळे मिसळतात.

फरशीची चाचणी म्हणजे पाणी भरून ठेवणं. स्लॅब ठोकताना पोकळ लागला असेल किंवा सळ्या दिसत असतील तर ही चाचणी इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको. २५ मिलिमीटर पाणी दर चौरस मीटरला २५ किलो वजन टाकतं. चांगल्या स्लॅबला ते किरकोळ, खचलेल्याला कदाचित नाही. ट्रॅपच्या तोंडात रबरी टेस्ट प्लग बसवा. तो नसेल तर ओल्या फडक्याचा बोळा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घट्ट ठोसा. फरशीच्या सगळ्यात उंच कोपऱ्यात २५ मिलिमीटर होईल इतकं पाणी भरा. ट्रॅपपाशी ते आपोआप जास्त खोल होईल. उंबरा तेवढा उंच नसेल तर पाणी बाहेर जाणार नाही इतपतच भरा. पाण्याच्या पातळीवर टाइलला चिकटपट्टी लावा. त्याच बाथरूममध्ये कडेला, स्टुलावर, पाणी भरलेलं एक पसरट भांडं ठेवा आणि त्याच्याही आतून पातळीची खूण करा. बाष्पीभवन दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. २४ तासांनी भांड्यातलं पाणी २ मिलिमीटर उतरलं आणि फरशीवरचं ९, तर उरलेले ७ मिलिमीटर कुठेतरी गेले. ३ चौरस मीटरच्या बाथरूममध्ये ते २१ लिटर होतात. त्याच वेळी खाली थेंब वाढले तर फरशी दोषी. पातळी उतरली पण खाली फरक नाही, तर आधी बोळा तपासा. पुष्कळदा पाणी तिथूनच निसटलेलं असतं. खात्री नसेल तर ४८ तास ठेवा.

भिंत शेवटी. ट्रॅप उघडा, शॉवरचा पाइप हातात घ्या आणि आधी फक्त फरशी-भिंतीच्या कोपऱ्यावर २० मिनिटं पाणी सोडा. तासभर थांबून वरच्या टाइल्सवर, मग नळांच्या चकत्यांभोवती. या चकत्या उचलून बघाच. मिक्सर किंवा शॉवरचा पाइप भिंतीतून जिथे बाहेर येतो तिथलं भोक बहुतेक वेळा नुसतं चकतीने झाकलेलं असतं, आत भगदाड. रोजच्या आंघोळीचं पाणी टाइल्समागे जाऊन भिंतीतून खाली उतरतं. दुरुस्ती अर्ध्या दिवसाची: भोक पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूने) भरायचं, वाळू द्यायचं, चकतीमागे सिलिकॉन लावायचं. हे राहून गेलं म्हणून अख्खं बाथरूम फोडलेली घरं कमी नाहीत.

प्रत्येक चाचणीनंतर थेंब पूर्वीच्या आकड्यावर येईपर्यंत थांबायचं. भराव असेल तर याला दोन-तीन दिवस लागू शकतात. एकूण दोन-अडीच आठवडे गेले तरी चालेल.

लाइन सापडली तर एक एल्बो (वळणाचा सांधा) बदलून भागवू नका. ४५ वर्षांच्या जीआय पाइपचे आटे कागदासारखे झालेले असतात. एक सांधा पाना लावून उघडला की पुढचा हलतो आणि महिन्याभरात तो गळतो. जुनी लाइन दोन्ही टोकांना बंद करून तिथेच सोडून द्यावी आणि नवी प्लास्टिकची लाइन भिंतीवरून उघडी न्यावी. दिसायला बरी नाही, पण पुढची गळती डोळ्यांना दिसेल.

ट्रॅप सापडला तर त्याच्याभोवतीचा साधारण ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा चौकोनच आधी उघडा. जुना बिडाचा ट्रॅप चिरलेला असतो किंवा नवा प्लास्टिकचा ट्रॅप जुन्या बिडाच्या पाइपात नुसत्या सिमेंटने बसवलेला असतो. प्लास्टिकला सिमेंट धरत नाही आणि गरम-गार पाण्याने दोघं वेगवेगळे आकसतात-फुगतात. तिथे योग्य मापाचं रबरी जोडणीचं कपलिंगच लागतं. स्लॅबमधून पाइप जातो त्या भोकाभोवतीची जागा न आकसणाऱ्या ग्राउटने (फटी भरायच्या मिश्रणाने) भरून घ्या. छतावर पाइपभोवती गोल गंजका डाग असेल तर गळती बहुधा याच जागी.

फरशी दोषी ठरली तर मात्र प्लंबर बरोबर म्हणतो, उघडावी लागेल. आधी एक पळवाट सांगतो: टाइल्सच्या सांध्यांतली जुनी भर खरवडून इपॉक्सी ग्राउट भरणं. काकूंनी भरून घेतलेले सांधे साध्या सिमेंटचे असतील, तर ते पाणी अडवत नाहीत, नुसते चांगले दिसतात. इपॉक्सीने गळती कमी होते, कधीकधी वर्ष-दोन वर्षं निभावतं. वाकलेल्या किंवा पोकळ वाजणाऱ्या टाइल्सवर तोही वाया. जुन्या फरशीवर नवी फरशी चिकटवायचा सल्ला कोणी दिला तर नाही म्हणा. खालचा ओला भराव तसाच राहतो, स्लॅबवर वजन वाढतं आणि उंबऱ्याची उंची संपून पाणी बाहेर येऊ लागतं.

फोडकामाचा क्रम असा हवा. फरशी, कोबा आणि सगळा रोडा काढून स्लॅबचा तळ उघडा करायचा. अर्धवट भराव ठेवून वर वॉटरप्रूफिंग केलं तर खालचा साठा महिनोन्महिने गळत राहतो. तळ झाडून, धुऊन, चिरा उघडून पॉलिमर मॉर्टरने भरायच्या. फरशी-भिंतीच्या कोपऱ्यात ५० बाय ५० मिलिमीटरचा तिरका वाटा, म्हणजे मॉर्टरची उतरती भर, करायचा, कारण काटकोनात कोटिंग ताणलं जाऊन तिथेच फाटतं. मग पॉलिमर-सिमेंटचं कोटिंग, दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. कोपऱ्यांत आणि पाइपांभोवती दोन हातांच्या मध्ये फायबरची जाळी. भिंतीवर सगळीकडे ३० सेंटिमीटर आणि आंघोळीच्या कोपऱ्यात १.८ मीटरपर्यंत.

माल किती लागतो हे काकूंना माहीत असलेलं बरं. १.५ बाय २ मीटरच्या बाथरूमची जमीन ३ चौरस मीटर, भोवतालचा पट्टा २.१, आंघोळीच्या कोपऱ्यातल्या दोन मीटर-मीटर रुंदीच्या भिंतींचा वरचा भाग ३. एकूण ८ चौरस मीटरच्या आसपास. दोन हातांना चौरस मीटरला दीड ते दोन किलो धरले तर १२ ते १६ किलो. ठेकेदार ५ किलोचा डबा घेऊन आला, तर तो एकच हात मारणार किंवा पाणी घालून पातळ करणार. पातळ केलेलं कोटिंग वाळल्यावर नखाने खरवडलं तरी पावडर होऊन निघतं.

कोटिंग डब्यावर लिहिलेले दिवस, सहसा तीन ते सात, सुकू द्या. मग टाइल्स लावायच्या आधी ४८ तास पाणी भरून ठेवा आणि तुम्ही खाली, काकू वर, दोघी मिळून बघा. इथे घाई केली तर पुढचं सगळं काम परत फोडावं लागतं. भराव परत घालताना तो हलका घ्या, खड्ड्याच्या तळातून डक्टमध्ये निघणारा एक छोटा पाइप ठेवा आणि भरावावर, फरशीखाली, वॉटरप्रूफिंगचा दुसरा थर द्या. तळच्या पाइपामुळे उद्या कुठे गळलंच, तर पाणी तुमच्या छताऐवजी डक्टमध्ये टपकेल आणि लगेच दिसेल. फरशीचा उतार ८० ला १, म्हणजे मीटरला साधारण १२ मिलिमीटर, ट्रॅपच्या दिशेने. टाइल्स लागल्यावर पुन्हा एकदा पाणी भरून बघा.

इंजेक्शनवाल्याचं काय? पॉलियुरेथेन इंजेक्शन हे खोटं औषध नाही. चिरेच्या लांबीवर दर १५-२० सेंटिमीटरला, आलटून-पालटून दोन्ही बाजूंनी, ४५ अंशांत भोकं पाडून त्यातून ते दाबाने भरतात. पाणी लागताच फुगतं आणि चीर बुजते. पाइपाच्या भोकाभोवतीची गळती किंवा एखादी ठळक चीर यांवर ते चांगलं चालतं. काकूंकडे कोणी आजारी असेल, वरचं काम सहा महिने होणं शक्य नसेल, तर तेवढ्यापुरतं जरूर करा. पण वरचा भराव भरलेलाच राहतो आणि पाणी शेजारची चीर शोधतं. ड्रिल मारणाऱ्याने आधी सळ्या आणि वायरिंगचे पाइप शोधून खुणा केल्या पाहिजेत. तुमच्या पंख्याच्या पाइपात एक भोक पडलं तर फेस तिथेच भरतो आणि पुढे वायर ओढताच येत नाही.

काकूंशी बोलताना "तुमचं बाथरूम गळतंय" अशी सुरुवात केलीत तर संभाषण तिथेच संपेल. थेंबांचा कागद आणि डागाचे फोटो घेऊन जा आणि म्हणा, "काकू, यात तुमचं काहीही फोडायचं नाहीये. दोन रात्री कॉक बंद करू, मग एक दिवस ट्रॅपमध्ये पाणी ओतून बघू. तुम्हीही खाली येऊन बघा." त्यांना खरोखरच खाली बोलवा, वरच्या माणसाने थेंब स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की निम्मा वाद मिटतो. वयस्कर असतील तर चाचणीच्या दिवसांत त्यांच्या आंघोळीची सोय तुमच्याकडे करा. प्रत्येक चाचणीचा दिवस, वेळ आणि निकाल एका कागदावर लिहून दोघींनी सही करा. प्लंबरही दोघींनी मिळून ठरवलेला असावा. कमिटीला तो कागद दाखवा. गळती डक्टमधल्या उभ्या पाइपाची निघाली तर तो पाइप सगळ्या मजल्यांचा असतो, "तुमचं तुम्ही बघा" म्हणून सुटता येत नाही.

दुरुस्तीनंतर लगेच थेंब थांबले नाहीत म्हणून घाबरू नका. भरावातलं आणि स्लॅबमधलं पाणी निथळायला दोन-तीन आठवडे लागू शकतात; रोजचा आकडा उतरता असला म्हणजे झालं. नवी पेन्सिलरेघ मारा. सुटलेलं प्लास्टर आणि फुगलेली पुट्टी लगेच काढून टाका, म्हणजे स्लॅब श्वास घेईल. पांढरे क्षार कोरड्या ब्रशनेच झाडा, ओल्या फडक्याने पुसले तर विरघळून परत आत जातात. काँक्रीट वाळायला ढोबळमानाने २५ मिलिमीटर जाडीला एक महिना लागतो, त्यामुळे तीन-चार महिने तरी रंगाचं नाव काढू नका. वाळलं की नाही हे बघायला ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून छताला बसवा आणि दिवसभर ठेवा. आतून दव धरलं तर अजून ओल आहे. खोलीच्या बाजूने धरलं तर ती खोलीतल्या हवेची दमट वाफ, खिडकी उघडी ठेवा.

कागद आतून कोरडा राहिला की प्लास्टर, डाग झाकणारा प्रायमर आणि साधा, हवा जाऊ देणारा रंग लावा. ऑइल पेंट नको. रंगाच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या पॉइंटची वायर बदलून घ्या. दोन वर्षं पाण्यात राहिलेल्या जुन्या वायरवर नवा पंखा फिरवायचा नाही.